उत्तरं तिची, मुलाखत माझी

ती. वहिनींना धाकट्या दिराचा वाकून नमस्कार.

तिकडे सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. दादाचा गुडघा कसा आहे? पट्टा बांधतो, की तुम्ही बघता तेवढ्यापुरता बांधतो? धाकटीचा पुढचा दात आला का? बाबांची तब्येत उत्तम आहे, म्हणजे आवाज शाबूत आहे. मीही बरा आहे. जेवतो, कामावर जातो, फक्त हल्ली कोणी मागून हाक मारली की मी चालण्याचा वेग वाढवतो. खरं तर फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन दादा उचलतो आणि उचलल्याबरोबर स्पीकरवर टाकतो, आणि पुढे जे सांगायचंय ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. तेव्हा हे पत्र एकटीने वाचा. (दादा, तू वाचत असशील तर इथेच थांब. तुझ्या गुडघ्याची चौकशी झालेली आहे.)

या सगळ्याच्या मुळाशी तुम्ही आहात, हे आदरपूर्वक नमूद करतो. मागच्या खेपेला आलात तेव्हा तुम्हीच म्हणालात की भाऊजी, इंग्रजी बोलता येत नाही म्हणून तुम्ही इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी उपसत बसलाय, आणि मनातलं बोलता येत नाही म्हणून एकटे बसलाय. मला या दोन्ही दुखण्यांवर एकाच जिन्यावर औषध मिळालं. टायरच्या दुकानाच्या वर एक क्लास आहे. तिथल्या सरांना सगळे प्रॅक्टिकल सर म्हणतात, कारण त्यांना जे येत नाही ते प्रॅक्टिकल नाही असं ते मानतात. त्यांचं म्हणणं, माणसाला इंग्रजी दोनच ठिकाणी लागतं: नोकरी मागताना आणि प्रेम मागताना. बाकी सगळं आपल्या भाषेत उरकतं. त्यांनी स्वतः एक पुस्तक छापलंय. पुढून उघडलं की मुलाखतीची प्रश्नोत्तरं, उलटं करून मागून उघडलं की प्रेमाचे मेसेज. दोन्ही भाग मध्ये जिथे भेटतात तिथे एक कोरं पान आहे. (सर म्हणतात ते टिपणं काढायला, मला वाटतं तिथे त्यांचं इंग्रजी संपलं.)

सर जोड्या लावतात. माझ्या जोडीला आली ती एका ड्रायक्लीनच्या दुकानात डाग काढायचं काम करते. क्लासात तिचं नाव ड्रायक्लीन पडलं आणि माझं चादर. समोरासमोर दोन खुर्च्या. एकीवर बसणाऱ्याने साहेब व्हायचं आणि प्रश्न विचारायचे, दुसरीवर बसणाऱ्याने उत्तरं द्यायची, मग अदलाबदल. आता तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. मी पहिल्या दिवशी साहेबाची खुर्ची पकडली ती सोडलीच नाही. ती म्हणायची, आता तुम्ही बोला. मी म्हणायचो, उद्या नक्की. प्रश्न पुस्तकातले असतात, ते वाचायला काय जातंय. उत्तरं मात्र तिने पुस्तकातली कधीच दिली नाहीत. पुस्तकात लिहिलंय की माझी चूक म्हणजे मी फार मेहनत करतो. ती म्हणाली, हे खोटं आहे, मी माझं सांगते. आणि तोडकंमोडकं जुळवत तिने सांगितलं की एकदा एक गिऱ्हाईक आपल्या वारलेल्या वडिलांचा कोट घेऊन आलं होतं. खिशावर शाईचा जुना डाग होता. हिने हट्टाला पेटून तो असा काढला की मागमूस राहिला नाही. गिऱ्हाईक आलं, कोट हातात घेतला, आणि नुसतं खिशाकडे बघत उभं राहिलं. त्याच्या वडिलांचं पेन आयुष्यभर तिथे गळलं होतं. तेव्हापासून ती प्रत्येकाला आधी विचारते की हा डाग काढायचाच आहे ना.

हे उत्तर ती रोज थोडं सुधारून म्हणायची आणि मी साहेबाच्या खुर्चीत बसून ऐकायचो. नोकरी का बदलायची आहे, यावरही तिचं उत्तर खरंच होतं. दुकानाच्या मागच्या खोलीला खिडकी नाही, औषधांच्या वासाने तिचं डोकं सारखं दुखतं, छातीही भरते, आणि डॉक्टरांनी तिथून बाहेर पडा असं सांगितलंय. वहिनी, मी तिच्या प्रेमात पडलो ते पुस्तकाच्या मागच्या बाजूने नाही, पुढच्या बाजूने पडलो. मागच्या बाजूचा तर उलट घोटाळाच झाला. जोडीदाराला रोज एक प्रेमाचा मेसेज पाठवायचा हा गृहपाठ होता, आणि जोडीदाराने तो तपासून बरोबरची खूण करायची. मी जीव मुठीत धरून ‘यू आर द सनशाइन ऑफ माय लाइफ’ पाठवायचो, आणि तिकडून हिरवी खूण यायची. एकदा खुणेबरोबर ‘सेम टू यू’ आलं. ते गृहपाठात धरायचं की नाही हे मला अजून कळलेलं नाही.

तर मोठ्या हॉटेलच्या धुलाई विभागात सुपरवायझरची एकच जागा निघाली. मोठाली खोली, वर पंखे, एका भिंतीला नुसत्या खिडक्या. ती आधी जाऊन बाहेरून बघून आली होती. अर्ज तिचा खरा. मला म्हणाली, एकटीला भीती वाटते, तुम्हीही भरा, सोबत होईल. बाबांना वाटलं मुलगा मोठ्या साहेबाच्या जागेवर चाललाय. मी चाललो होतो सोबतीला. मला ती जागा मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून मी काही तयारीही केली नव्हती.

आत जाण्यापूर्वी फोन काढून घेतले. बाहेरच्या बाकावर आम्ही दहाबारा जण, सगळ्यांच्या शर्टाला नव्या इस्त्रीचा वास. तिचे हात बर्फासारखे गार पडले होते, हे तिनेच सांगितलं. मी धरून पाहिले नाहीत. (धरायला हवे होते असं तुम्ही म्हणाल. पत्र संपेपर्यंत थांबा.) मुलाखतीच्या खोलीचं दार काचेचं होतं, त्यामुळे आत जाणाऱ्याचा चेहरा कसा उतरतो ते बाहेर सगळ्यांना दिसत होतं. यादीत माझं नाव तिच्या लगेच आधी होतं.

आत तिघं होते. टायवाले एक गृहस्थ, बिस्किटं खाणारे दुसरे, आणि मधोमध पिकल्या केसांच्या एक बाई, त्याच मुख्य. मी खुर्चीवर बसलो आणि बसल्याबसल्या लक्षात आलं की आपण चुकीच्या खुर्चीवर आहोत. या बाजूला मी कधी बसलोच नव्हतो. बाईंनी इंग्रजीतून विचारलं, तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा. हा प्रश्न मी स्वतः किती वेळा विचारला होता. त्यापुढे माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, ती जिभेवर आली आणि थांबेना. कोट, खिसा, शाई, पेन. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं तिच्यासारखं. शप्पथ सांगतो, खिसा म्हणताना माझा हातसुद्धा तिच्यासारखाच छातीशी गेला. मध्येच टायवाल्यांनी विचारलं की इस्पितळाच्या धुलाईघरात कोट कसा आला, आणि मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, समटाइम्स. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या की सकाळपासून हे पहिलं खरं उत्तर. तेव्हा कुठे मला आठवलं की हेच उत्तर घेऊन माझ्यामागून ती आत येणार आहे. पण तोवर सगळे हसून माझे आभार मानत होते.

बाहेर आलो तर ती उठून उभी होती. मी तिला थांबवायला तोंड उघडलं, तेवढ्यात शिपायाने तिचं नाव पुकारलं, आणि जाता जाता ती मला म्हणाली, कशी झाली? मी म्हणालो, बरी. वहिनी, एवढा एकच शब्द. त्या वेळात ‘कोट सांगू नका’ हे सहज बसलं असतं.

मग मी काचेपाशी उभा राहिलो. आतलं ऐकू येत नव्हतं, पण मला ऐकू येण्याची गरजही नव्हती. तिचे ओठ बघून मी सांगू शकत होतो की आता गिऱ्हाईक आलं, आता कोट काउंटरवर ठेवला. टायवाल्यांनी भुवया उंचावल्या. दुसऱ्यांचं बिस्कीट हातातच राहिलं. बाईंनी हात वर करून तिला थांबवलं आणि काहीतरी विचारलं. ती गोंधळली, पुन्हा बोलू लागली, पुन्हा थांबली. आणि मग तिने मान वळवून काचेतून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मी निभावून नेलं असतं. मला वाटलं आता ती माझ्याकडे बोट दाखवील, आणि दाखवावं असं मला मनापासून वाटत होतं. पण ती उठली, तिघांना नमस्कार केला, आणि दुसऱ्या दाराने निघून गेली. फोन परत घ्यायलासुद्धा मी तिथून गेल्यावर आली म्हणे.

क्लासात ती येईना. मी पुस्तक उलटं करून माफीचे मेसेज काढले आणि एक पाठवला. हिरवी खूण आली नाही. उत्तर आलं ते पुस्तकाच्या पुढच्या बाजूचं: ‘थँक यू फॉर युअर इंटरेस्ट. वुई विल लेट यू नो.’ हे सहन करतोय तोच हॉटेलातून फोन आला की तुमची निवड झाली आहे. फोन बाबांनी ऐकला. संध्याकाळपर्यंत गल्लीत मला कोणी नावाने हाक मारेना, सगळे सुपरवायझर म्हणू लागले. मी दोन दिवस गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, त्यात एक दिवस मी त्या खिडक्यांचाही विचार केला. आमच्या धुलाईघरातही वाफेने जीव जातो, आणि जागा आयती चालून आली होती. मग कामावर एका चादरीवरचा डाग बघताना तिची ती बिनखिडकीची खोली डोळ्यांपुढे आली, आणि मला माझीच किळस आली.

हॉटेलात गेलो. बाईंच्या टेबलापुढे उभा राहिलो आणि वाटलं, इथे इंग्रजीच बोलावं लागणार. आता गुन्हा कबूल करण्याचा धडा सरांच्या पुस्तकात नाही. माफी आहे ती फक्त मागच्या बाजूला. तेव्हा मी बाईंना, दारात पहारेकरी उभा असताना, म्हणालो, ‘प्लीज फरगिव्ह मी, विदाउट यू माय नाइट्स आर लाँग.’ बाईंनी पेन खाली ठेवलं. पहारेकरी एक पाऊल आत आला. बाई आपल्या भाषेत म्हणाल्या, बसा, आणि आता नीट बोला. मी नीट बोललो. कोट कोणाचा, शाई कोणाची, डोकं कोणाचं दुखतं, सगळं सांगितलं. ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, चूक सांगा असं विचारलं होतं, तेव्हा हीच सांगायची. मी म्हणालो, तेव्हा ती अजून व्हायची होती. त्या हसल्या नाहीत. माझी निवड तिथल्या तिथे रद्द केली आणि तिला पुन्हा बोलवायला सांगितलं. तिला जागा मिळाली. हे मला प्रॅक्टिकल सरांकडून कळलं. त्यांनी तिचा फोटो जिन्यात लावलाय. खूप बरं वाटलं, आणि त्या जिन्यातून जायची हिंमत होत नाही.

बाकी सर्व क्षेम. मुलांना गोड पापा. उशीर झाला, डबा भरायचाय, आवरतं घेतो.

तुमच्या जिवावर उड्या मारणारा,
धाकटा दीर

ता. क. निवड रद्द झाल्याचं बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते तुमचं ऐकतात. सांगाल त्या दिवशी मला आधी कळवा, म्हणजे मी जादा पाळी मागून घेईन.

पुन्हा ता. क. पत्र लिहायला बसलो ते खरं यासाठी. काल तिचा मेसेज आला, आपल्या भाषेत. रविवारी दुपारी घरी या, आई समोर असेल, प्रश्न मी विचारणार, उत्तरं तुमची हवीत, पुस्तक आणू नये. कालपासून मी आरशासमोर बसून तयारी करतोय आणि तोंडातून शब्द फुटत नाही. तिचं सगळं मला पाठ आहे, माझं मला काही येत नाही. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हापासून मला बघताय. तेव्हा मी कसा आहे, माझ्यात चांगलं काय, वाईट काय, एवढं उलट टपाली कळवा. खरं तेच लिहा, आणि दादाला विचारू नका.

शेवटचं ता. क. बराच विचार केल्यावर एक चांगली गोष्ट सापडली: समोरचा बोलत असला की मी मन लावून ऐकतो. पण हे तिच्या तोंडावर कसं म्हणू, तेवढं सुचवा.