किराण्यातली गोळी

बाबा, मी यवतमाळच्या दवाखान्यात खाटेवर पडून लिहून राह्यली. डाव्या हाताले सलाईन आहे, उजवा मोकळा आहे. थोड्या वेळानं तोंडातून नळी टाकून पोटातली जखम पाहणार आहेत. सून बाहेर कागदपत्रांच्या मागं धावून राह्यली आन् माझा जीव नुसता टांगणीले लागला. आज सकाळी मले संडासात काळं दिसलं. डांबरासारखं, चिकट. हे दुसऱ्या कोणाले लिहिलं असतं तर लाज वाटली असती. तुमाले काय सांगायची लाज!

तुमचा तो पहिला झटका येऊन गेला, तेव्हा डॉक्टरनं एक कॅप्सूल लावून दिली होती. रक्तातली चरबी कमी करायची आन् रक्त पातळ ठेवायची, दोन्ही औषधं एकातच. ती तुम्ही नेमानं घेतली, खोटं कायले बोलू. मग हळूहळू मांड्या-पोटऱ्या दुखायले लागल्या. दारव्हा-नेर काळीपिवळी जीप चालवणाऱ्या माणसाचा पाय क्लचनं नाही तर कशानं दुखणार? सीटवरची माणसंही तेच म्हणायची. मग तुम्ही स्टँडजवळच्या किराण्यात थांबायचे. दुकानदार कात्रीनं पत्त्यातून दुखण्याच्या दोन गोळ्या कापून द्यायचा, तुम्ही उपाशीपोटी काळ्या चहासंग त्या गिळायचे आन् गाडी काढायचे.

एक सकाळ मले अजून दिसते. आई चुलीपाशी भाकरी थापून राह्यली आहे, तुम्ही पाटावर बसता आन् हळूच विचारता, "हे काळं काहून होऊन राह्यलं वं?" आई मागं न पाहता म्हणते, "कारळाची चटनी हानता ना वाटी वाटी, मंग काय पांढरं होईन?" आम्ही सगळे खो खो हसलो. दुसऱ्या दिवसापासून चटणीची बरणी वर फळीवर गेली. तुम्ही किती चिडले होते, "आता भाकर काय पान्यासंग खाऊ?" आमच्या घरानं चटणी बंद केली, बाबा. गोळी चालूच राहिली.

मग स्टँडवर तुमाले उलटी झाली. उकळलेल्या चहापत्तीसारखी. तुमच्याच गाडीत टाकून तुमाले इथं आणलं. डॉक्टरनं विचारलं, "त्या कॅप्सूलशिवाय अजून कोणतं औषध घेतात?" आई, भाऊ, मी, तिघंही एकदम नाही म्हणालो. लपवलं नव्हतं आम्ही. औषध म्हणजे डॉक्टर लिहून देते ते. किराण्यातली गोळी साखर-चहापत्तीसंग येते, तिले कोण औषध म्हणते? तुम्ही गेल्यावर भाऊ सहज बोलून गेला, "पायासाठी गोळी घेत जी, पन ते काय औषध थोडंच हाय." डॉक्टरनं कपाळाले हात लावला. चरबीच्या औषधानं कोणाकोणाचे पाय दुखतात, म्हणाला, तेव्हाच येऊन सांगायचं असते. रक्त पातळ ठेवायचं औषध पोटाले सोलू शकते, त्यावर ही दुखण्याची गोळी रोज पडली तर आतून रक्त गळायले लागते, आन् तेच काळं होऊन बाहेर येते.

एवढं सगळं ऐकलेली मी! मले गेल्या वर्षी स्टेंट बसला, तीच कॅप्सूल लागली. कापूस वेचणीच्या दिवसांत मांड्या भरून आल्या. वाकून वाकून दुखते, म्हटलं. तुमची गोळी पांढरी होती, किराण्यात मले मिळाली ती लाल. तेवढ्यावरून माझ्या मनानं ती वेगळीच धरली. मूर्खासारखी रोज खाल्ली मी ती.

सकाळी सुनेले सांगितलं, "अवं, मले काळं होऊन राह्यलं." ती पोरगी हसत म्हणते, "आई, काल कारळाची चटणी खाल्ली ना तुम्ही."

घर दुसरं, बाबा. चटणी तीच. क्षणभर वाटलंही, असंल बा चटणीच. मग मी अशी ओरडली की बाजूची बाई कुंपणापाशी आली. "चटनीचं नाव नको काढू! गाडी बलाव!"

इथला डॉक्टर आपल्या नातवाएवढा दिसते. त्यानं तेच विचारलं, अजून काही घेता का. माझ्या तोंडात 'नाही' आलंच होतं. मी बटव्यातून तो लाल गोळ्यांचा पत्ता काढून टेबलावर ठेवला. त्यानं पत्ता पाहिला, रक्त तपासायले पाठवलं, लगेच भरती केलं. म्हणाला, "ही आजपासून बंद. कॅप्सूलचं मी ठरवतो, तुम्ही मनानं सोडायची नाही. वेळेवर आल्या, आजी." मग जाता जाता विचारलं, "ही किराण्यातली गोळी आम्हाला कोणी सांगत नाही. तुम्हाला सांगायचं कोणी शिकवलं?"

"माह्या बाबानं," मी म्हटलं.

"शहाणे होते बाबा," तो म्हणाला.

आता नळीसाठी बोलावून राह्यले. हा कागद सुनेच्या हाती देणार नाही, उशीखाली सारते. तुम्ही मले काही शिकवलं नव्हतं, बाबा, तुमाले स्वतःलेच ठाऊक नव्हतं. पण इतक्या वर्षांनी कोणी तुमाले शहाणं म्हटलं, ते मले इतकं गोड लागलं की मी त्याले खरं सांगितलंच नाही.