आईला मिळालेल्या माझ्या गुणांबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
सृजनरंग कला विद्यापीठ,
गोरेगाव (पूर्व), मुंबई.

विषय : रेडिओ मुलाखतीच्या प्रात्यक्षिकात मला गैरहजर दाखवल्याबद्दल.
संदर्भ : सूचना फलकावरील निकाल.

महोदय,

मी रुचिरा घाडीगावकर, राहणार चारकोप, आपल्याकडे रेडिओ, दूरचित्रवाणी व डिजिटल संवाद या विषयाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकासाठी मला कॅम्पस रेडिओवर एका पाहुण्याची अर्धा तास थेट मुलाखत घ्यायची होती. मी बोलावलेले मालिकेतील अभिनेते शूटिंग लांबल्यामुळे आले नाहीत. त्याच वेळी माझी आई, श्रीमती रत्नप्रभा, मी घरी विसरलेले ओळखपत्र घेऊन स्टुडिओत पोहोचली. प्रसारण सुरू व्हायला दोनच मिनिटे उरली होती. मी तिलाच पाहुण्यांच्या खुर्चीत बसवले.

मी सुरुवात नियमानुसार केली. "आपला परिचय श्रोत्यांना करून द्याल का?" त्यावर आई म्हणाली, "मी कोण ता तुका म्हायत नाय? मी तुझी आवस!" काचेपलीकडे बसलेले बहिःस्थ परीक्षक श्री. उपासनी हसले, हे मी पाहिले आहे.

यानंतर मुलाखतीचा ताबा माझ्याकडे राहिला नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. आईने माझी प्रश्नावली उलटी ठेवली आणि विचारले, "ह्या सगळा शिकान तू करतलंस काय, ता आज तरी सांग."

महोदय, हा प्रश्न तिने मला घरी असंख्य वेळा विचारला आहे. दर वेळी मी "तुला नाही कळणार गं" म्हणून उठून गेले. परंतु माइक चालू असताना उठता येत नाही. म्हणून मी सांगितले. आमच्या गावच्या बायकांचे आवाज, त्यांची भांडणे, त्यांची गाणी, सगळे मला त्यांच्याच बोलीत ऐकवायचे आहे. मालवणी बोलणारे रेडिओ केंद्र काढायचे आहे. मी किती वेळ बोलले, मला कळले नाही. आई मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "ह्या माका घरात कधी सांगूक नाय तू." तेवढ्यात वेळ संपली.

निकालात 'मुलाखतकार' म्हणून आईस पन्नासपैकी सेहेचाळीस गुण दिले आहेत. शेरा : 'नेमका प्रश्न, उत्तम श्रवण.' मला पाहुणी धरले आहे आणि पाहुण्यांना गुण देण्याची तरतूद नसल्याने मी गैरहजर! परीक्षार्थी मी असून आई उत्तीर्ण कशी, असे विभागात विचारले असता, "पण मुलाखत त्यांनीच घेतली ना?" असे उत्तर मिळाले. घरी विचारले, तर आई म्हणाली, "पुढच्या टायमाक अभ्यास करून जा."

तरी विनंती की, मला हजर समजून फेरपरीक्षेची संधी द्यावी. या वेळचा पाहुणा घराबाहेरचा असेल, याची मी हमी देते.

मात्र चूक दुरुस्त करताना आईचे गुण कमी करू नयेत, ही त्याहून मोठी विनंती. तिची शाळा सातवीत सुटली. तिने हा निकाल सोसायटीत सर्वांना सांगितला आहे.

आपली, हजर असलेली विद्यार्थिनी,
रुचिरा घाडीगावकर
दिनांक : १२ मार्च २०२५

सोबत :
१) निकालाची प्रत
२) मुलाखतीचे ध्वनिमुद्रण
३) पेढे (आईने दिले आहेत. यास प्रलोभन समजू नये.)