निळ्या डब्यातली टॉफी

मयुरा,

मी डहाणूला दातांच्या डॉक्टरकडे जाते आहे. बचतगटाच्या बायका चारला पुन्हा टॉफी चाखायला येतील. आधी तुझी चिकूची दे, मग नारळाची. सोबत बिनसाखरेचा गवती चहा आणि भाजलेले शेंगदाणे ठेव.

निळ्या डब्यातली कुणाला देऊ नकोस. काल त्यांच्यासमोर मी तुझ्या टॉफीला चिकट म्हणाले, ती याच डब्यातली. आज सकाळी एक तोंडात टाकली आणि माझी कवळीच तुटली. मग आठवलं, तो डबा मीच माझ्या हातच्या टॉफीने भरला होता. सूनबाई, चुकलं माझं.

कवळी मिळायला दोन दिवस लागतील. मी येऊन स्वतः सांगेन म्हणून तोवर थांबू नकोस. ही चिठ्ठी त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

कवळीचं तेवढं गाळ.

– आई