कॅप्टनच्या गालावरचा व्रण

पोखर्णी, ता. ६ मे २०२४

चि. शिवकांतास,

अप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर आपल्या दोघांनाही ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

पहाटे टापा ऐकू आल्या. जत्रेतल्या तंबू-टॉकीजच्या! आठवतं? अमेरिकेच्या माळावर गोऱ्या फौजेचा कॅप्टन आदिवासींची वस्ती जाळतो, आणि बाप मेलेला पोरगा सुडासाठी त्याच्यामागं घोडा घालतो. त्या टापांच्या चालीवर मी शाळेत कविता म्हटली, तर गुरुजींनी कान पिरगाळला. मी पडद्यासमोर होतो, तू स्वस्तात पडद्यामागं. मध्यंतरात कनातीखालून सरपटत माझ्याजवळ आलास आणि शेवटी लय रडलास.

पुढं त्याच जत्रेत, भरगर्दीत, गावातल्याच बन्सीधरनं बाबांचा पटका उडवला. बाबा पुन्हा उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. तू कोयता घेऊन निघालास, तो बन्सीधरला न शिवता सोनपेठलाच जाऊन राहिलास. का, ते आजवर विचारलं नाही. आता विचारतो. दिवे लागले की अजून वाटेकडं बघतो रे. नृसिंह जयंतीला घरी ये.

तुझी वहिनी म्हणते, दोन म्हातारे बैल दोन गावांत हंबरत बसलेत. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
मन्मथअप्पा


सोनपेठ, ता. १२ मे

ती. अप्पांस,

शिवकांतचा शरणार्थ. वि. वि. टापांचं वेड अजून सुटलं न्हाई तुमचं!

त्या रात्री बन्सीधर खळ्यावर निजला होता. कोयता उचलला अन् तो सिनेमा डोळ्यांपुढं आला. वस्ती जाळणाऱ्या कॅप्टनच्या डाव्या गालावर व्रण होता. शेवटी जो मेला, त्याच्या उजव्या. पोरानं भलताच माणूस मारला, म्हणून रडलो होतो मी. बाबांचा पटका उडाला तेव्हा मी लांब होतो. हात बन्सीधरचाच, हे लोकांनी सांगितलं. मी पाहिलं नव्हतं. कोयता त्याच्या उशाला ठेवून निघालो.

पण सूड घेतल्याबिगर उंबरा ओलांडणार नाही, अशी बाबांपुढं शपथ घेतली होती. कोणत्या तोंडानं येऊ? वहिनीच्या चटणीचा वास मात्र इथवर यायलाय.

आशीर्वाद असू द्यावा.

तुमचा,
शिवा


पोखर्णी, ता. १७ मे

चि. शिवास,

अनेक आशीर्वाद. आज दाढी करताना हसू आवरेना. माझ्या उजव्या गालावरचा मस, आरशातल्या म्हाताऱ्याच्या डाव्या गालावर! अरे खुळ्या, अर्धा सिनेमा तू पडद्यामागून बघितलास. तिथून सगळं उलटं दिसतं. कॅप्टन एकच होता. पोरानं चूक केली नव्हती. चुकलास तू, आणि त्या चुकीनं एक माणूस वाचला. मलाही भाऊ राहिला.

शपथेचं म्हणशील, तर बाबांनी जाताना सूड मागितला नाही. शिवा जेवला का, एवढंच विचारलं. तेव्हा ये. लोभ कागदावर पुष्कळ झाला, उरलेला ओसरीवर बसून करू.

तुझा,
अप्पा

ता. क. पाकिटावर पत्ता घालत होतो, तर कडी वाजली. तुझं पत्र आल्याचं तुझी वहिनी देवळात बोलली होती. त्या जत्रेपासून जो आपली पायरी चढला नाही, तो बन्सीधर दारात उभा आहे. डोकं उघडं, आणि हातात स्वतःच्या पटक्यात गुंडाळलेला आपला कोयता. शिवा कधी येणार, विचारतोय.