बंड्या आणि बिनसाखरेचे लाडू

३ नोव्हें., सोम.
बंड्याला गंगापूर रोडच्या कुत्र्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. लेक ईशा नोकरीसाठी बंगळूरला जाताना सोडून गेली तेव्हा हा अकरा किलो होता, आज चौदा. डॉक्टर म्हणाले, "गोड कोण देतंय?"
कोण देणार! खाली राहणाऱ्या मंगलताई, माझ्या थोरल्या जाऊबाई. सकाळी पेढा, दुपारी चहात बुडवलेलं बिस्किट. डॉक्टरांनी सगळं बंद सांगितलंय. चॉकलेट तर घरात उघडंसुद्धा ठेवायचं नाही.
खाली जाऊन सांगितलं. हसल्या. "अगं, मुका जीव तो. एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?"
मी बोलत होते तोवर बंड्या त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पडलेला.

५ नोव्हें.
ऑफिसातून आले. घर रिकामं. म्हणजे बंड्यासाहेब खालीच.
फिरवते मी, गोचिडी काढते मी, शी उचलते मी. शेपूट हलते ती तिकडे.
ईशाचंही हेच. मी नोकरीवर, ती दिवसभर खाली. ताप आला की "मोठी आई पाहिजे". तेव्हा गिळलं. पण आता कुत्रंही?

८ नोव्हें., शनि.
ईशाचा व्हिडिओ कॉल. "आई, खाली जाऊन दाखव ना, मोठ्या आईच्या मांडीवर कसा बसतो तो." गेले. फोन धरून उभी राहिले, दहा मिनिटं. माझी चौकशी शेवटी, फोन ठेवताना.
संध्याकाळी यांच्या शुगरसाठी नाचणीचे लाडू केले. साखरेऐवजी ती ऑनलाइन मागवलेली पांढरी पावडर. बंड्या ओट्याशी येऊन उभा, शेपूट हलवत. चक्क माझ्यासाठी! चिमूटभर चुरा दिला. बिनसाखरेचाच तर आहे.

९ नोव्हें., रवि.
सकाळी अख्खे दोन दिले. मंगलताई जिन्याखालून हाका मारत होत्या, "बंड्या, ए बंड्या!" हा माझ्या पायाशी. हलला नाही. इतकी खूश मी कितीतरी दिवसांत

(संध्या.) वरचं वाक्य अर्धंच राहिलं. बंड्या ओकला. उठायला गेला तर पाय लटपटले, कोसळला, मग झटके. माझी किंकाळी ऐकून मंगलताई धावत वर आल्या. गाडीत तो त्यांच्याच मांडीवर. रडत होत्या. "सकाळी उठल्याउठल्या खाली आला तेव्हा पेढा दिला गं मी. तू सांगून गेली होतीस आणि तरी दिला."
मी काही बोलले नाही.
डॉक्टर म्हणाले, "पेढ्यानं इतक्या झटपट असं होत नाही. अजून काय खाल्लं?" मी तेव्हाही गप्प. मंगलताईंना बाहेर बसवलं, मग सांगितलं. यांनी घरून पावडरच्या पाकिटाचा फोटो पाठवला. डॉक्टरांचा आवाजच चढला. "झायलिटॉल! माणसाला चालतं, कुत्र्याला विष आहे हे. रक्तातली साखर धाडकन उतरते. लिव्हरही जाऊ शकतं." लगेच ग्लुकोज लावलं.

१० नोव्हें.
अजून तिथेच. शुद्धीवर आहे. साखर टिकतेय, लिव्हरचं आत्ताच सांगता येत नाही म्हणे.
भावजी सांगत होते, मंगलताई कालपासून जेवल्या नाहीत. हे मला म्हणाले, "वहिनींना सांगितलंस का?"
"सांगते."
"कधी?"

१३ नोव्हें.
बंड्या घरी. फार उतरलाय. मंगलताई जिन्याशी उभ्या, पण वर आल्या नाहीत. तो पट्टा ओढत त्यांच्याकडे निघाला. त्या मागे सरल्या. "नको गं, माझा हातच नको त्याला."
आणि मी म्हणाले, "हो, थोडे दिवस नकोच."
कसं म्हणवलं मला? म्हणवलं खरं.

१६ नोव्हें., रवि.
ईशाचा फोन. "मोठी आई रडत होती. आई, तू तिला फार बोललीस का?" मी तर काहीच बोलले नाही. तेच तर.
बंड्या दोन दिवस दाराशी नाक लावून पडलेला. वाडगं तसंच. दुपारी त्याला घेऊन खाली गेले. मंगलताईंनी दार उघडलं, हात मागे बांधले. तो अंगावर चढतोय आणि त्या शिवत नाहीत.
दारातच सांगून टाकलं. लाडू, पावडर, डॉक्टरांनी विषाचं नाव सांगितलं तरी मी तुमच्यापाशी गप्प राहिले ते. का दिले तेही. "तो तुमच्याकडेच येतो ना, म्हणून."
त्यांनी मागे बांधलेले हात सोडले. मग, "आठ दिवस मला वाटत होतं, मी मारलं असतं त्याला."
"चुकलं माझं, मंगलताई."
त्या खाली बसल्या, त्याला कुशीत घेतलं. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आज राहू दे त्याला इथं."
नाही म्हणायला तोंड कुठे होतं? पट्टा, औषधं देऊन वर आले.
उद्या रक्ताचा रिपोर्ट. आणायला कोण जायचं, मी एकटी की दोघी, ते बोलणं झालंच नाही.