पन्नास सेकंदांचा जिना

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (खरा साष्टांग आठ दिवसांपूर्वीच घातला, जिन्यात, पालथा पडून. तोच तुमच्या नावे धरा.) तुमची पाठ कशी आहे? मामीचा खोकला? इकडे मी, उजवा घोटा सोडला तर, ठणठणीत आहे. आई बरी. बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात, म्हणजे तेही बरेच असावेत.

मी भर सभेत कॉलेजात परत जायची शपथ घेतली, हे तुमच्या कानावर आलंच असेल (आई फोनवर काही राखून ठेवत नाही). तर आधीच सांगून ठेवतो: मी परत जाणार नाही. दुसऱ्या वर्षात जे सोडलं ते सोडलं. शपथ रागात घेतली होती, आणि रागातलं बोलणं कोणी धरून बसत नाही. घडलं ते सगळं लिहितो, म्हणजे यात अर्धी चूक तुमची कशी, तेही तुम्हाला कळेल.

आमच्या इमारतीचा जिना तुम्ही पाहिलाय. चार मजले, खिडकी एक नाही, भर दुपारी चाचपडत चढायचं. दिवा लावणारे सगळे, विझवणारा कोणी नाही. यावर कमिटीने सहा सभा घेऊन ‘कृपया दिवा विझवा’ अशी पाटी लावली. दिवा विझवल्यावर ती दिसत नाही आणि लावल्यावर कोणी वाचत नाही. सातव्या सभेत मी उठलो आणि म्हणालो, मी टायमर करून देतो. बटण दाबलं की दिवा लागेल आणि ठरल्या वेळाने आपला आपण जाईल. (खरं सांगायचं तर तिसऱ्या मजल्यावरची ती त्या सभेला आली होती. कानाच्या डॉक्टरांकडे लोकांना किती ऐकू येतं ते तपासते. खालून घरापर्यंत जायला तिला बावीस सेकंद लागतात. मी का मोजले ते विचारू नका. टायमर करणाऱ्याला मोजावंच लागतं.)

मग दिवा किती वेळ राहावा यावर दीड तास गेला. अध्यक्ष चौथ्या मजल्यावरचे, गुडघे दुखरे, त्यांना शंभर सेकंद हवे. तळमजल्यावरचे शिंपीकाका जिना चढतच नाहीत, त्यांचं म्हणणं शून्य. सेक्रेटरींनी पन्नास काढले, म्हणजे त्रास सगळ्यांना सारखा. ठराव मंजूर झाला, तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, “पण ज्याला कॉलेज पुरं करता आलं नाही, त्याच्या हातात वीज द्यायची का?” ती समोर बसलेली! माझं डोकं फिरलं. म्हणालो, दिवा पन्नास सेकंद टिकला नाही तर मी कॉलेजात परत जाईन, लिहून घ्या. सेक्रेटरींनी खरंच लिहून घेतलं. बाबांनी आयुष्यात प्रथमच एखाद्या ठरावाला अनुमोदन दिलं.

सर्किट साधंच. कपॅसिटर भरत जातो, भरला की दिवा जातो. वाटेतला रेझिस्टर जितका मोठा तितका भरायला वेळ. रेझिस्टर फिरवता येणारा घेतला, म्हणजे पॉट, की वेळही फिरवता येतो. तुम्ही मला मोडायला दिलेल्या जुन्या रेडिओचा आवाज लहानमोठा करायचा पॉट मी काढून घेतला. नॉब कोणी शून्यावर नेला तरी आतली चिप जळू नये म्हणून जोडीला एक पक्का रेझिस्टरही टाकला (हे तुम्हीच शिकवलं होतं, लक्षात आहे). बाहेर डायल चिकटवली, शून्य ते एकशेदहा, खुणा अगदी पट्टीने, सारख्या अंतरावर. घड्याळ लावून तपासलं. शून्यावर दिवा लागला न लागला तोच गेला. एकशेदहावर बरोबर एकशेदहा सेकंद. दोन्ही टोकं चोख, मग मध्ये काय बिघडणार? नॉब पन्नासावर ठेवला.

उद्घाटनाला सगळी इमारत खाली जमली. अध्यक्षांनी बटण दाबलं, चढू लागले, आणि नवव्या पायरीवर गुडुप अंधार. मी म्हणालो, बटण नीट दाबलं नाहीत. पुन्हा. नववी पायरी. मी म्हणालो, तुम्ही फार हळू चालता. तिसऱ्यांदा त्यांनी कठडा धरला. “मी हळू चालतो की तुझा दिवा पळतो रे?” मला काही ते सहन होईना. म्हटलं, बघा, असं चढायचं असतं, आणि बटण दाबून धावत सुटलो. पहिला मजला ओलांडला, दुसऱ्याच्या अलीकडे दिवा गेला, मी गेलो. त्या काळोखात पहिला आवाज आला तो बाबांचा, आईला उद्देशून: “फॉर्म कधी मिळतात विचार त्याला.”

ती टॉर्च घेऊन आली. मला वाटलं माझ्या पायाकडे येतेय. ती टायमरच्या खोक्याकडे गेली.

“पॉट कुठला रे?”

“रेडिओचा.”

“आवाजाचा? अरे, कानासाठी केलेला असतो तो. आधी मुंगीच्या पावलाने चढतो आणि शेवटी उडी मारतो. नॉब निम्म्यावर आला तरी आत दहावा हिस्सासुद्धा धड झालेला नसतो. वेळ मोजायला सरळ चढणारा लागतो.”

“दोन्ही टोकं तपासली होती मी!”

“आणि मधलं सोडलंस. कॉलेजचं केलंस तसंच.”

मामा, असं मला अध्यक्ष बोलले असते तर मी कठडा उपटला असता. पण हिचा आवाज (बहुधा धंद्यामुळे) इतका स्पष्ट आणि हळू, की मी तिथेच पायरीवर घोटा धरून बसून राहिलो. तिने घड्याळ लावलं, नॉब फिरवत नेला आणि पन्नास सेकंद जुळवले. ते डायलवर नव्वदाला जुळले. आता दिवा नेमका पन्नास सेकंद राहतो. आठव्या सभेत मात्र कमिटीने हरकत घेतली, की ठराव पन्नासाचा असताना नव्वद दिसतात कसे? नॉब पन्नासावर ठेवावा आणि रहिवाशांनी भरभर चढावं, अशी सूचना आली. शेवटी तिने सगळ्या खुणा खोडून एकच खूण ठेवली आणि शेजारी ‘५०’ लिहिलं. टाळ्या पडल्या. टाळ्या तिला, घोटा मला.

तर मामा, रेडिओ देताना एका शब्दाने सांगितलं असतंत, तर हे घडतं? असो. माझा निश्चय पक्का आहे. ज्याला टायमर करता येतो त्याला कॉलेजची गरज नाही. बाबा कितीही वेळा आईला विचारोत.

मामीला नमस्कार.

तुमचा हट्टी भाचा

ता. क. सोबत कॉलेजच्या पुनर्प्रवेशाचा फॉर्म जोडला आहे. खुणेच्या जागी पालक म्हणून सही करून उलट टपाली पाठवा. बाबांकडे मागितली तर ते जिंकले असं होईल. खुणा पेन्सिलीच्या आहेत, तिने केल्यात. फॉर्मही तिनेच आणला.

ता. क. २. तिला घरी पोचायला बावीस सेकंद लागतात असं वर लिहिलंय, ते खोडा. काल संध्याकाळी आम्ही दोघं बरोबर चढत होतो. दिवा गेला तेव्हा पहिला मजलाही आला नव्हता. मी घाईघाईने सांगू लागलो की पॉट पुन्हा तपासतो. ती म्हणाली, दिवा बरोबर आहे.