इसिदोराचा दाखला

कराणिस, पाउनि महिन्याची १२
नव्या सम्राटांचं पहिलं वर्ष

चि. सौ. इसिदोरा हिस,

आई तामिस्थाचे अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत बरी राहावी म्हणून रोज सुसरदेवाच्या पायरीवर आणि आपल्या इसिसमाईपुढे हात जोडते. अक्षर नेहमीप्रमाणे तुझ्या कास्तोरमामाचं. मी सांगते, तो लिहितो, आणि मी न सांगितलेलंही मध्ये घुसडतो. तेव्हा जिथे फार शहाणपण दिसेल, तिथे ते त्याचं समज.

सहावा लागला ना गं तुला? पाय सुजतात का? पाटाची माती आण, थंड पाण्यात कालव आणि लाव. अलेक्झांड्रियात पाटाची माती मिळत नसेल तर इथून पाठवीन; धान्याचे नावाडी येतजात असतात.

इथे सध्या जत्रा भरल्यासारखं झालंय. सम्राटांचा हुकूम तिकडेही पोचला असेलच. प्रत्येकाने पंचांसमोर देवापुढे धूप घालायचा, द्राक्षारस ओतायचा, बळीचं मांस चाखायचं आणि तसा दाखला घ्यायचा; दाखला नसेल त्याला कैद. गावाचे अर्ज कास्तोरच लिहितो, त्यामुळे त्याला जेवायलाही फुरसत नाही. तो कोपऱ्यावरचा म्हातारा पेतेउस आठवतो? बायको पळून गेली त्या दिवसापासून देवळाचं तोंड न पाहिलेला? तोही अंघोळ करून रांगेत उभा होता. मांस मात्र इतकं चिवट की चाखणं कसलं, त्याचं चावून होईपर्यंत अर्धी रांग पुढे गेली.

तुझा दाखला झाला का? शहरातल्या रांगेत पोटुशीने उभं राहू नये. अम्मोनास धान्याच्या जहाजावर इटलीला गेला, तो पूर ओसरेपर्यंत काही येत नाही. घरात दुसरं कोण आहे तुला? सरळ इकडे ये. दाखलाही इथेच होईल आणि बाळंतपणही.

आईला विसरत नाहीस हे कळवत राहा.
तामिस्था


अलेक्झांड्रिया, पाउनि महिन्याची २८

ती. आईस इसिदोराचा सा. न. वि. वि.

मामा, हे पत्र दार लावून वाचा, आणि हळू वाचा.

आई, पाय सुजत नाहीत. बाळ उजव्या कुशीवर झोपू देत नाही, एवढाच त्याचा हट्ट. बाकी जे लिहायचंय ते वर्षभर लिहायचं राहिलंय.

गेल्या वर्षी माझा पहिला मुलगा नवव्या दिवशी गेला. तू निघाली होतीस, पुराने वाट बंद झाली, आणि तू पोचलीस तेव्हा दोन महिने उलटले होते. तुझा काही दोष नव्हता. पण त्या दिवशी अम्मोनास समुद्रावर होता आणि खोलीत मी एकटी होते. खालच्या मजल्यावरची नोन्ना, लोकांचे कपडे धुणारी, वर आली. तिने माझ्या हातातून बाळ काढून घेतलं नाही. शेजारी बसून राहिली. मी दिलं तेव्हा घेतलं, न्हाऊ घातलं, आणि पुरायला जागाही तिच्याच माणसांनी दिली. पुढे चाळीस दिवस रोज मसुराची वाटी आणून ठेवायची. देवाबिवाचं चकार शब्दाने बोलली नाही. शेवटी मीच विचारलं, बाई, तुम्ही आहात तरी कोण?

आई, ती ख्रिस्ताची माणसं आहेत. या वसंतात त्यांच्या दीक्षेच्या पाण्यात मीही उतरले. अम्मोनासला ठाऊक आहे. तो हसून म्हणाला, असे मसूर रांधणाऱ्यांचा देव वाईट नसणार.

मी पंचांपुढे जाणार नाही. दुसऱ्या देवापुढे धूप घालणार नाही. आणि कराणिसलाही येणार नाही, कारण तिथे सगळं गाव मला ओळखतं आणि रांगेत माझी जागा रिकामी दिसली तर मान तुझी खाली जाईल.

रागव, पण पत्र बंद करू नकोस.
तुझी इसि


कराणिस, एपेइफ महिन्याची ९

इसिदोरा,

मामाने दोनदा वाचलं. पहिल्या वेळी मला वाटलं, याचे डोळे गेले, हा भलतंच वाचतोय.

लग्नानंतर बारा वर्षं माझी कूस उजवली नव्हती. इसिसमाईच्या देवळात किती रात्री जमिनीवर झोपले ते तुझे बाबा असते तर त्यांनी सांगितलं असतं. तुझं नावच तिचं देणं. ते नाव पाण्यात धुऊन निघालं का गं? पंचवीस वर्षं ज्या पायरीवर तुझ्यासाठी डोकं टेकलं, तिथे कोणी नव्हतंच म्हणतेस?

दोन दिवस तुझं नाव तोंडातून काढलं नाही. भाकरी करपवली, शेजारणीवर ओरडले. तिसऱ्या दिवशी दळताना हात थांबला. तुझ्या खोलीत तेव्हा मी नव्हते, ती धोबीण होती. मला तिचा राग यायला हवा. येत नाही. काय करू?

म्हणून मग मी उठले आणि कास्तोरला म्हटलं, दोन अर्ज लिही. एक माझा, एक इसिदोराचा. तो म्हणाला, मी तीस वर्षांत खोटा अर्ज लिहिला नाही. मी म्हटलं, मग आता सवय कर.

पंच म्हणजे कोण, तर तो घोरत बसणारा सेरेनोस. त्याने विचारलं, मुलगी कुठे आहे? मी म्हटलं, गरोदर आहे, अंथरुणातून उठवत नाही. तो म्हणाला, मग तिच्या वाटचं कोण खाणार, तू? मी म्हटलं, ती पोटात होती तेव्हापासून मी तिच्या वाटचंही खातेच आहे. रांग हसली, तोही हसला आणि सही करून मोकळा झाला. मी दोनदा धूप घातला, दोनदा ओतलं, दोनदा ते चामडं चावलं. एक दाढ अजून दुखते आहे.

दाखला सोबत आहे. उशीखाली ठेव. चुलीत घातलास तर मला तोंड दाखवू नकोस. तुझ्या देवाला सांग, माझी आई अडाणी आहे, तिला दुसरा मार्ग सुचला नाही.
आई

(पोरी, एवढं माझं स्वतःचं. ओळखीच्या खुणेच्या जागी ‘डाव्या गुडघ्यावर व्रण’ असं लिहिलंय, कबूतरखान्यावरून पडलीस तेव्हाचा. तेवढी एकच गोष्ट त्या कागदात खरी आहे. तुझी आई अर्ज वाळेपर्यंत शेजारी बसून होती. — कास्तोर)


अलेक्झांड्रिया, मेसोरे महिन्याची २०

ती. आईस सा. न. वि. वि.

दाखला आला तेव्हा मला तुझा इतका राग आला की पत्र लिहिलं असतं तर आज पस्तावले असते. तू मला विचारलं नाहीस. लहानपणी ताप आला की नाक दाबून काढा पाजायचीस, तसंच केलंस. कागद फाडायला घेतला आणि गुडघ्याच्या व्रणावर येऊन थांबले. मग उशीखाली नाही, पण पिठाच्या मडक्यामागे ठेवला.

चार दिवसांपूर्वी शिपाई आमच्या गल्लीत आले. घराघरातून दाखले पाहत होते. नोन्ना माझ्याकडेच होती, चुलीवर मसूर ढवळत. तिने मला काही सांगितलं नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही. शिपायाने विचारल्यावर म्हणाली, माझ्याकडे कागद नाही आणि मी घेणारही नाही. इतकं साधं म्हणाली, जणू मीठ संपलंय म्हणून सांगतेय. मग तो माझ्याकडे वळला.

आई, त्याच क्षणी पोटात बाळाने लाथ मारली. माझा हात मडक्यामागे गेला. मी ठरवलं असं नाही, पण हात माझाच होता. शिपायाने कागद वाचला, गुडघा पाहिला, आणि कुठल्याही बाईशी बोलावं तसं म्हणाला, बसा ताई, उभ्या राहू नका.

नोन्नाला घेऊन गेले. दारातून वळून एवढंच म्हणाली की भांडं उतरव, लागतंय खाली.

मी भांडं उतरवलं. तुझ्यामुळे मी जिवंत आहे, बाळही आहे. मी तुझे आभार मानू शकत नाही आणि तुला दोषही देऊ शकत नाही. जवळ असतीस तर तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले असते.
इसि


अलेक्झांड्रिया, फार्मुथि महिन्याची ५
दुसरं वर्ष

ती. आईस आणि मामांस सा. न. वि. वि.

तुझी नात सहा महिन्यांची झाली. तिचं नाव तुझंच, तामिस्था. खेड्यातलं नाव म्हणून इथल्या बायका नाक मुरडतात, पण ही तुझ्यासारखीच, नाक मुरडणाऱ्याचं नाकच पकडते. अम्मोनास तिला हातात घेऊन कोरड्या जमिनीवरही जहाजावर असल्यासारखा डुलत चालतो.

धरपकड थांबली आहे. कैदेतून माणसं सुटू लागली. नोन्ना आली, आई! जिवंत आली. उजव्या हाताची बोटं सरळ होत नाहीत, कपडे पिळता येत नाहीत. मी पिळते, ती वाळत घालते. मी तिच्या पायांवर पडले, तर म्हणाली, ऊठ, बाळ रडतंय.

आमची मंडळी पुन्हा जमू लागली आहे. आमच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलंय की ज्यांनी दाखले दाखवले, त्यांनी तीन वर्षं प्रार्थनाघराच्या आत यायचं नाही. रविवारी बाहेर दाराशी उभं राहायचं. आतलं गाणं ऐकू येतं, ख्रिस्ताच्या नावाने भाकरी मोडतात तेव्हा मात्र दार बंद होतं. दाराशी आम्ही सातआठ जण असतो. शिवाय ज्यांचं अजून दीक्षेचं स्नान झालेलं नाही ते, आणि काय चाललंय म्हणून डोकावणारे वाटसरू. त्यांना कोणी हाकलत नाही.

मी रडगाणं गात नाहीये. मला ते रास्तच वाटतं. फक्त गेल्या रविवारी ओळखीची एक बाई माझ्यासमोरून आत गेली आणि तिने पदर सावरून घेतला, माझा स्पर्श नको म्हणून. ते लागलं.

मायेची सावली असू दे.
इसि


कराणिस, पाखोन महिन्याची २

चि. सौ. इसि हिस आशीर्वाद. लहान तामिस्थाच्या दोन्ही गालांना पापा.

कागद थोडा आहे आणि नाव उद्या सुटते, म्हणून कास्तोरला शहाणपण बंद ठेवायला सांगितलंय.

धूप मी घातला. मांस मी खाल्लं. आणि दाराशी तू उभी? वाटसरूंना हाकलत नाहीत म्हणालीस ना, मग मला कोण हाकलतो ते बघते. शेळ्या कास्तोरकडे सोपवल्या आहेत. त्याला त्या आवडत नाहीत आणि त्यांना तो.

अंथरूण एकच असेल तरी चालेल.
आई


अलेक्झांड्रिया, पाउनि महिन्याची १०

चि. कास्तोर यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

हे अक्षर इसिचं आहे. तुझ्यापेक्षा सुबक आहे आणि ती मध्ये काही घुसडत नाही.

प्रवास ठीक झाला. नावेत गव्हाच्या पोत्यांवर झोपले, पाठ अजून पोत्यासारखीच आहे. नात माझ्यावर गेली नाही, तुझ्यावर गेली आहे. नशीबच तिचं भलं करो.

पहिल्याच रविवारी गेले. दाराशी त्यांचे वडीलधारे उभे होते, पांढऱ्या दाढीचे, बिचारे स्वतःच थकलेले. मी त्यांना सांगितलं की दोन्ही वेळा ओतलं ते मी, पाप असेल तर माझ्या नावावर लिहा आणि मुलीला आत घ्या. ते म्हणाले, आजी, तुम्ही आमच्यातल्या नाही, तुम्ही तुमच्या देवांपुढे ओतलंत, त्यात तुम्हाला दोष नाही. तिने कागद दाखवला, तो तिचा. मी म्हटलं, मग तिच्या शेजारी उभं राहायला तरी तुमच्या देवाची हरकत नसेल? ते दाराच्या चौकटीला टेकले. मग म्हणाले, तीन वर्षं आहेत, आजी. मी म्हटलं, मला शेळ्यांखेरीज कोणी वाट पाहणारं नाही.

तेव्हापासून रविवारी आम्ही दोघी उभ्या असतो. आतलं मला काही कळत नाही, गाणं मात्र चांगलं म्हणतात. मध्येच दार लावतात तेव्हा इसि माझा हात घट्ट धरते. परवा ती पदर सावरणारी बाई आली, तर मी मुद्दाम दोन पावलं पुढे झाले आणि बाळ तिच्या हातात दिलं, म्हटलं जरा धरा, माझी पाठ दुखते. धरावंच लागलं. दार लावायची वेळ झाली तरी बाळ तिचे केस सोडेना, तेव्हा नोन्ना आतून आली, तिने आपल्या वाकड्या बोटांनी एकेक केस सोडवला, आणि बाळाला घेऊन आत न जाता आमच्याजवळच थांबली. दार लागलं. बाळ धरून आम्ही चौघी बाहेर राहिलो.

इथल्या समुद्राकाठच्या इसिसमाईपुढे तुझ्या तब्येतीसाठी रोज हात जोडते. शेळ्यांना मीठ दे. बहिणीची आठवण ठेव.
तामिस्था

(मामा, इसिदोराचा नमस्कार. इसिसमाईची ओळ सांगताना आई थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ते राहू दे हवं तर. मी ती लिहिली आहे, आणि तिला ती वाचूनही दाखवली.)